टाच, मग बोटं

माझी एक खोड आहे, कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत:
पेशंट गेला की मी त्याच्यासारखी चालून बघते.
सीवूड्सचा दवाखाना, मागचा बोळ,
सव्वीस फरश्या जायला, सव्वीस यायला.

पाय विळ्यासारखा बाहेरून फिरवत नेला
की कळतं, पक्षाघातानं कशाकशाला कुलूप घातलंय.
खुब्यावरचा एकच स्नायू ढिला सोडला
तर कंबर पलीकडे खचते
आणि धड डुलत डुलत तोल विकत घेतं.
एका संध्याकाळी उंबऱ्यापाशी थिजून राहिले,
कर्णिक सरांसारखी. पाय उचलेचनात.
रिसेप्शनवरची झरीना पाणी घेऊन धावली.

साधं चालणं मात्र मला जमत नाही.
लक्ष दिलं की बिघडतं.
आहे तरी काय ते? पडणं.
दर पावलाला आपण पुढे कोसळतो
आणि कोसळणं पुरं व्हायच्या आत
खालून कुणीतरी टाच टेकवून सावरतं.
शंभरातले साठ क्षण पाय जमिनीचा, चाळीस हवेचा,
मधे दोन निसटत्या घडी दोन्ही पाय खाली.
माणूस स्थिर, तो तेवढाच.

आपल्याकडे तर सगळंच चालतं:
दुकान, संसार, घड्याळ, अर्धा कप चहासुद्धा.
“चालायचंच,” म्हणतात मयताच्या घरी.
म्हणणाऱ्यांनी एक पाऊल कधी मोजलेलं नसतं.

करावे गावचे हसुराम तांडेल मंगळवारी आले.
वय एकाहत्तर. उजवं पाऊल लोंबतं,
म्हणून गुडघा वर, आणखी वर,
जशी समोर न दिसणारी पायरी,
मग बोटं आधी खाली. फट्.
ही चाल मी ओळखते. तिची कारणंही:
मणका, साखर,
नाहीतर गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला
बारक्या हाडाला वळसा घालून जाणारी ती नस,
कातडीखाली जवळजवळ उघडीच.
“उकिडवे बसता का फार?”
बसले होते. तीन दिवस, जाळं विणायला.
मासे धरायला नव्हे;
हॉटेलवाल्याला भिंतीवर टांगायला हवं होतं.
“टाचांवर चाला बघू.”
डावीनं ऐकलं. उजवीनं नाही.

ते गेले, मी बोळात गुडघा उचलला,
पाऊल सैल सोडलं.
सातव्या फरशीवर पाठीमागे खोकला.
विसरलेली पिशवी न्यायला परतलेले तांडेल.
माझे कान तापले. कुणाच्या व्यंगाची नक्कल
करताना सापडलेल्या पोरीचे तापतात तसे.
ते हसले.
“आसं नाय गो बाय. बोटां पयली रुतवाची.
टाच पयली टाकलीस त चिखोल पाय धरतं, सोरीत नाय.”

मग उमगलं, ते दुखण्याबद्दल बोलतच नव्हते.
निवट्या धरायला पोरवयात उतरायचे,
मांडीपर्यंत गाळ, हातात टोपली.
कुठे, विचारलं,
तर त्यांनी हात केला तो
पार्किंगकडे, मेडिकलच्या दुकानाकडे,
आणि सगळ्यात शेवटी माझ्या पायांकडे.

पंधरा दिवसांनी पट्टी आली.
पोटरीमागून तळव्यापर्यंत पांढरं प्लास्टिक, काटकोनात वळलेलं.
आतून थोडं तासलं, घोट्याला टोचत होतं.
पाऊल लोंबेना.
टाच, मग बोटं. टाच, मग बोटं.
झरीनानं टाळ्या वाजवल्या.
गुडघा मात्र वरच.
“काका, आता एवढा उचलायची गरज नाही.”
त्यांनी फरशीकडे पाहिलं,
ओहोटी कुठवर आली ते पाहावं तसं.
“खाली काय हाय, तुला म्हाईत हाय का?”

आणि निघाले, सव्वीस फरश्या, न थांबता.
दारापाशी पोचले तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं,
डावा, धडधाकट पायसुद्धा
ते तितकाच उंच उचलत होते.